बिनकल्हईचं पातेलं

"बाटली मेलेली आलीय," अष्टपुत्रे मॅडम म्हणाल्या आणि प्लेट माझ्या हातात परत दिली. "कुरियरवाल्यांनी बर्फ संपू दिला असणार. कंपनीला कळव, दुसरी पाठवा म्हणावं."

"पण मॅडम, मेलेली असती तर..."

"शिरगुप्पे, मला शिकवू नकोस."

मी प्लेट खिडकीकडे धरून पाहिली. तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट, तिच्यात ओळीनं बारीक बारीक वाट्या, आणि सगळ्या वाट्या पिवळ्याधमक. मला त्या क्षणी बाटलीपेक्षा मॅडमचीच जास्त काळजी वाटली. कारण हे वाक्य आमच्यापैकी कुणी बोललं असतं तर त्यांनी आम्हाला सोलून काढलं असतं.

का, ते सांगते. आमवाताच्या माणसाच्या अंगात सूज आणणारा एक निरोप्या फिरत असतो. पेशींच्या अंगावर त्याला धरणारं एक प्रोटीन असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. निरोप्या धरला गेला की सांधे सुजायला लागतात. माणसाचा हा रिसेप्टर आता तयार मिळतो. माणसाचं जनुक दुसऱ्या पेशींत घालायचं, त्यांच्याकडून प्रोटीन करवून घ्यायचं, गाळायचं, सुकवायचं आणि बर्फात घालून विकायचं. बोटाच्या पेराएवढ्या बाटलीच्या तळाशी पांढरट डाग दिसला तर नशीब म्हणायचं. वर ठळक लिहिलेलं असतं की हे फक्त संशोधनासाठी आहे, माणसांना देऊ नये.

आम्ही वाटीच्या तळाला निरोप्या चिकटवायचो, वर रिसेप्टर ओतायचो आणि वाटी धुऊन टाकायचो. रिसेप्टरनं निरोप्याला धरलं असेल तर तो वाटीत राहायचा आणि रंगाचं द्रव्य घातलं की वाटी पिवळी व्हायची. काढा घातलेल्या वाट्या मात्र आजवर पाण्यासारख्या स्वच्छ राहत होत्या. म्हणजे काढा रिसेप्टरला निरोप्या धरू देत नव्हता. म्हणजे औषध लागू पडत होतं. आता नव्या बाटलीतला रिसेप्टर खरोखर मेलेला असता तर त्यानं काहीच धरलं नसतं आणि वाट्या स्वच्छ राहिल्या असत्या. त्या पिवळ्या झाल्या होत्या. बाटली चांगली ठणठणीत होती, फक्त काढ्याला जुमानत नव्हती. पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळावं इतकं ते सरळ होतं, आणि आयुष्यभर पोरांना हेच शिकवलेल्या बाईला ते दिसत नव्हतं.

ही गोष्ट बरीच जुनी आहे. मी जयसिंगपूरहून पुण्याला येऊन मॅडमच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. तो काढा म्हणजे माझ्या प्रबंधातलं सगळ्यात जाड प्रकरण होतं. आणि मॅडमसाठी तो त्यांचा भाऊ होता.

दादा, म्हणजे वैद्य अष्टपुत्रे, रहिमतपूरला वडिलांचा, म्हणजे आबांचा, दवाखाना चालवायचे. मॅडमनी तरुणपणी कधीतरी वर्तमानपत्रात लिहिलं होतं की घराण्याची औषधं तपासल्याखेरीज लोकांना पाजू नयेत. नाव कुणाचं घेतलं नव्हतं, पण अष्टपुत्र्यांच्या घरात ते बरोबर पोहोचलं. दादांनी बोलणं टाकलं. भाऊबीज बंद झाली. मग मॅडमना आमवात झाला, बोटं वळेनाशी झाली, हे कुणाकडून तरी दादांच्या कानावर गेलं आणि इतक्या वर्षांनी एक दिवस ते काढ्याची बाटली घेऊन बहिणीच्या दारात उभे राहिले. मॅडम काढा घ्यायला लागल्या. वर्ष सरायच्या आत त्यांचे हात सुधारले, त्या पुन्हा स्वतः पिपेट धरायला लागल्या आणि आम्ही सगळे चाट पडलो. मग त्यांनीच म्हटलं, याला प्लेटमध्ये घालून बघू. घातलं, तर वाट्या स्वच्छ. शोधनिबंध लिहून तयार होता, त्यावर दादांचं नाव होतं, आणि नव्या बाटलीवर एक शेवटची खात्री करून तो पाठवायचा होता.

इथवर सगळं गोड होतं. पण दादांच्या बायकोलाही, शकूवहिनींना, हाच आजार होता. बहिणीनं डॉक्टरांच्या गोळ्या सोडल्या आणि काढ्यावर बरी झाली म्हटल्यावर दादांनी वहिनींच्याही गोळ्या बंद केल्या. फोनवर हे ते मला मोठ्या अभिमानानं सांगायचे. त्यामुळे पिवळी प्लेट हातात घेऊन मी उभी होते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे प्रबंध नव्हता असं नाही, पण आधी वहिनी आल्या. हा आजार नुसता दुखत नाही, सांधे खाऊन टाकतो. गेलेला सांधा परत येत नाही.

मी कंपनीला काही कळवलं नाही. जुन्या आणि नव्या बाटलीत फरक काय, ते बघत बसले. फरक शेपटीचा होता. कपाला कान असतो तशी या प्रोटीनला बनवणारे मागे एक लहानशी शेपूट जोडतात, नुसतं धरायच्या सोयीसाठी. माणसाच्या अंगात ती नसते. जुन्या शेपटीची बाटली कंपनीकडे संपली होती, म्हणून यावेळी दुसऱ्या शेपटीची आली होती. आणि आम्ही रंगाचं द्रव्य लावायचो ते शेपटीलाच, जशी शेपूट तसा रंग.

मी शीतकपाटातून एक भलतंच प्रोटीन काढलं. त्याचा सुजेशी काही संबंध नव्हता, पण शेपूट मात्र जुनीच. ते वाटीत चिकटवलं, काढा घातला, वर रंग घातला. वाटी स्वच्छ. म्हणजे काढा रिसेप्टरला शिवतही नव्हता, शेपटीवर काहीतरी बसत होतं आणि आमच्या रंगाला शेपूट सापडत नव्हती.

काय बसत होतं, हे ओळखायला फार हुशारी लागत नव्हती. ती जुनी शेपूट धातूला घट्ट चिकटते, म्हणून तर तिची निवड होते. कारखान्यात धातू लावलेल्या मण्यांवर तिला पकडूनच प्रोटीन वेगळं काढतात. आणि दादांचा काढा आंबट होता, मुळ्या आणि आवळ्याचा, आणि घराण्याच्या रिवाजाप्रमाणे बिनकल्हईच्या तांब्याच्या पातेल्यात उकळून रात्रभर त्यातच ठेवलेला. आमच्या घरी असल्या पातेल्यात कुणी ताक ठेवलं असतं तर कळकलं म्हणून आईनं मोरीत ओतलं असतं. आम्ही मात्र तोच काढा काचेच्या नळ्यांत भरून मोठ्या आदरानं मोजत होतो. त्याच मुळ्या आणि तोच आवळा मी काचेच्या भांड्यात उकळून पाहिला. काही झालं नाही, वाट्या पिवळ्या. मग साध्या पाण्यात मोरचुदाचा कण टाकला. मोरचूद म्हणजे शेवटी तांबंच. वाट्या लख्ख. औषधाचा गुण पातेल्यात होता.

ज्या सकाळी दादा आणि वहिनी पुण्याला यायचे होते, त्याच सकाळी मी मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी सगळ्या प्लेट एकेक करून पाहिल्या. मोरचुदाच्या प्लेटवर मात्र बोट ठेवून थांबल्या.

"यात मुळी काहीच नाही?"

"नाही. नुसतं मोरचुदाचं पाणी."

"हं." त्यांनी चष्मा काढला. "चांगलं काम केलंस."

कौतुक त्यांच्याकडून मला असं वर्षाकाठी एखादं मिळायचं. ते त्या दिवशी मिळून काही उपयोग नव्हता.

"आज दादाला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "हौसेनं येतोय. मी सांगेन मागाहून."

"आणि वहिनींच्या गोळ्या?"

त्या चष्मा पुसायला लागल्या. मला त्यांची दया आली, म्हणून मीच त्यांना वाट काढून द्यायला गेले. "मॅडम, प्लेट खोटी निघाली म्हणून काढा खोटा असं नाही ना. तुमचे हात तर बरे झालेत. दुसऱ्या कुठल्या मार्गानं काम करत असेल."

"माझ्या हातांना मध्ये आणू नकोस," त्या एकदम म्हणाल्या. मी वाट काढून दिली होती ती त्यांनी का घेतली नाही, ते मला तेव्हा कळलं नाही.

दादा आले ते खोली भरून आले. उंच, गोरे, धोतर आणि वर जाकीट, हातात काढ्याच्या बाटल्यांची पिशवी. मागून वहिनी आल्या, बारीक, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला आणि हात पदराखाली.

"काय गं बेबी," दादा बसता बसताच म्हणाले. आमच्या मॅडमना कुणी बेबी म्हणतं हे ऐकून मी खिडकीबाहेर बघायला लागले. "आमच्या काढ्याला इंग्रजीत नाव काय ठेवलंस? जरा बरंसं ठेव हो. आबांच्या नावाला शोभलं पाहिजे."

"दादा, चहा घे आधी."

"घेतो की. बाळ, तूच ना ती शिरगुप्पे? फोनवर आवाज जाडा वाटला होता." ते माझ्याकडे वळले. "तुमच्या यंत्राला आमचं औषध मानवलं म्हणायचं. आबा सांगायचे, पातेल्याला कल्हई लावलीत की औषधाचा गुण गेलाच म्हणून समजा. लोक हसायचे त्यांना."

मी मनात म्हटलं, आबा शंभर टक्के बरोबर होते.

कॅंटीनचा चहा आला. वहिनींनी पदरातून हात बाहेर काढले आणि कप दोन तळव्यांच्या मध्ये दाबून उचलला, मांजराचं पिल्लू उचलावं तसा जपून. बोटं कपाच्या कानात जातच नव्हती. पेरं सुजून लाल झाली होती आणि उजव्या हाताची दोन बोटं बाजूला कलली होती. दादा बोलत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. मॅडमचं होतं. त्या कपाकडे बघत राहिल्या, आणि वहिनींनी कप खाली ठेवला तरी तिथंच बघत राहिल्या.

"दादा," त्या म्हणाल्या, "तो निबंध मी पाठवत नाही."

"का? अजून काही तपासायचं राहिलं?"

"तपासून झालं. हिनं तपासलं. काढा रिसेप्टरला अडवत नाही. पातेल्याचं तांबं उतरतं, ते प्रोटीनच्या शेपटीला चिकटतं, आणि आम्हाला वाटलं औषध लागू पडतंय. चूक माझी आहे. मला पहिल्याच आठवड्यात दिसायला हवी होती."

"आता हे माणसांच्या भाषेत सांग."

"काढा काही करत नाही असं मी म्हणत नाही. करतो असं जे मी तुला दाखवलं, ते खोटं निघालं."

मला वाटलं होतं दादा भडकतील. ते हसले. "अगं, तुझ्या बाटल्या खोट्या निघोत नाहीतर खऱ्या! तुझे हात बघ की. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

मॅडमनी आपले हात टेबलावर ठेवले. बरे झालेले, सरळ बोटांचे हात होते ते.

"मी गोळ्या सोडल्याच नव्हत्या," त्या म्हणाल्या.



"कधी परत सुरू केल्यास?" दादांनी विचारलं.

"परत नाही. सोडल्याच नाहीत कधी. काढा घेतला, रोज घेतला, एकही दिवस चुकवला नाही. आणि गोळ्याही घेतल्या."

"मग मला सोडल्या म्हणून का सांगितलंस?"

"तू विचारलंस म्हणून. दारात उभा होतास, हातात बाटली. गोळ्या सोडशील ना, असं विचारलंस. मी नाही म्हटलं असतं तर तू आत आला असतास?"

दादा सरळ माणूस होते. आलो असतो, असं ते म्हणाले नाहीत.

"मग हे सगळं कशाला?" त्यांनी हात फिरवून प्लेट, बाटल्या आणि मी, सगळं एकत्र दाखवलं. "हे एवढं करायची काय गरज होती?"

"वाटलं, काढ्यात खरंच काही निघालं तर माझं खोटं खरं होईल."

मला आता ती मेलेली बाटली समजली. एवढी हुशार बाई पिवळ्या वाट्यांना मेलेलं का म्हणत होती, तेही समजलं. राग यायला हवा होता, माझी वर्षं त्यात गेली होती. तो पुढे आला, यथावकाश भरपूर आला. त्या वेळी मी वहिनींकडे बघत होते. त्या पहिल्यांदाच बोलल्या.

"म्हणजे वन्सं, तुम्हालासुद्धा नुसत्या काढ्यानं गुण नाही आला?"

"नाही, वहिनी."

वहिनींनी मोठा श्वास सोडला. मी आजवर बरीच माणसं वाईट बातमी ऐकताना पाहिली आहेत, पण वाईट बातमी ऐकून कुणाच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरलेला पाहिला नाही.

"मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकतंय," त्या म्हणाल्या.

"तुझं काय चुकायचंय?" दादा म्हणाले.

"वन्संना गुण आला नि मला येईना, म्हणजे पथ्यात मीच कुठं तरी कमी पडत असणार. म्हणून आधी दही सोडलं. मग वांगं, चिंच, हरभऱ्याची डाळ. मग रात्रीचं जेवण सोडलं. तरी उतार पडेना. म्हटलं, मनात काही वाईट येत असेल घेताना. म्हणून देवाचं नाव घेऊन प्यायला लागले."

"अगं, दुखतंय म्हणून एकदा तरी बोलायचंस!"

"कुठल्या तोंडानं बोलू? दवाखान्यात येईल त्याला तुम्ही माझं उदाहरण देत होतात. हिच्या गोळ्या बंद केल्या, बघा म्हणून. लोक मला हात दाखवा म्हणायचे. मी पदराखाली घ्यायची."

 

मॅडम उठल्या. "चला वहिनी. माझे डॉक्टर दुपारपर्यंत बसतात. आत्ताच जाऊ."

वहिनींनी दाराशी काढलेल्या सॅंडलमध्ये पाय घातले, पण पट्टा त्यांना लावता येईना. त्या वाकून बोटांनी चाचपडत राहिल्या. मग आमच्या विभागप्रमुख अष्टपुत्रे मॅडम, ज्यांच्यापुढे उभं राहताना भल्याभल्यांची गाळण उडायची, खाली फरशीवर बसल्या, वहिनींचा पाय मांडीवर घेतला आणि पट्टा लावला. मग दुसऱ्या पायाचा लावला. वहिनी "अहो वन्सं, काय हे" म्हणत राहिल्या. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पुसत नव्हत्या. मलाही रडू आलं, ते लपवण्यात अर्थ नाही.

त्या दोघी गेल्यावर दादा आणि मी उरलो. त्यांनी प्लेट मागितली. मी दाखवली.

"पिवळं म्हणजे काय?"

"औषधानं काही केलं नाही."

"सगळंच पिवळं आहे."

"हो."

त्यांनी ती प्लेट हातात घेऊन उजेडाकडे धरली. मग त्यांनी विचारलं, "दवाखान्यातल्या लोकांना काय सांगू?"

"जे झालं ते."

"तू लहान आहेस, बाळ," ते म्हणाले. पण रागानं नाही. प्लेट त्यांनी अगदी सांभाळून टेबलावर ठेवली, मग जाकिटाची गुंडी लावली. "इथं जवळपास चांगलं दही कुठं मिळतं?"

"गेटाबाहेर डेअरी आहे. उजव्या हाताला."

ते गेले. लवकर परत येतील असं वाटलं होतं, पण आले नाहीत. खिडकीतून पाहिलं तर गेटापाशी उन्हात दह्याचं मडकं घेऊन उभे होते. रिक्षा आली, तेव्हा तिघं मिळून वर आले. वहिनींच्या हातात डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची पुडी होती. सांध्यांचे फोटो काढायला सांगितले आहेत, दोन बोटांचं नक्की सांगता येत नाही, बाकीची वाचतील, असं मॅडमनी कोरड्या आवाजात सांगितलं, मी एखादा निकाल सांगावा तसं.

दादांनी मडकं टेबलावर ठेवलं. मी कपाटातून चमचा काढून वहिनींना दिला. त्यांनी तो मुठीत धरायचा प्रयत्न केला, चमचा फिरला आणि टेबलावर पडला. त्यांनी पुन्हा उचलायच्या आत दादांनी तो घेतला, मडक्यात घातला आणि भरून त्यांच्या तोंडापाशी नेला.

वहिनींनी मान मागे घेतली. "अहो, हे काय! वन्संसमोर? ती मुलगी बघतेय."

"बघू दे," दादा म्हणाले. चमचा त्यांनी खाली घेतला नाही.